पायांसकट

आमच्या घरातल्या जुन्या फोटोंत कुणाचाच चेहरा धड दिसत नाही. नवी सून घरात आली तेव्हा मी हौसेने तिच्यापुढे अल्बम ठेवला. बिचारी पानं उलटत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आई, कोण कोण आहेत ते कळत नाहीये, पण चपला मात्र सगळ्यांच्या छान आल्यात." मला हसू आलं आणि थोडा रागही आला. पण तिचं खोटं नव्हतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, हौसेपायी आयुष्यभर फोटो काढले आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण उभं केलं. वरती आभाळ, खाली जमीन, मधे माणूस, आणि त्या माणसाचं तोंड मसुरीच्या दाण्याएवढं. माझ्या पाचव्या वाढदिवसाचा फोटो आहे, त्यात केक दिसतो, टेबलाचे चारी पाय दिसतात, माझे पांढरे मोजे दिसतात, आणि मी हसतेय की रडतेय ते आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

दादा मूळचे नामपूरचे. शिकून नाशकात सरकारी कचेरीत चिकटले आणि पहिल्या काही पगारांतून त्यांनी मालेगावच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून जुना कॅमेरा आणला. त्या कॅमेऱ्याने पहिला फोटो काढला तो आप्पांचा. आप्पा म्हणजे त्यांचे चुलते, ज्यांनी दादांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला लहानाचं मोठं केलं. दादांनी जवळून, अगदी छातीपर्यंत, सुरकुती न् सुरकुती दिसेल असा फोटो काढला, तो मोठा करून एसटीने गावी नेला आणि ओट्यावर बसलेल्या आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो उजेडाकडे धरला, मग उलटा करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, "पाय कोठे गयात?" दादांनी फोटोतलं काय काय समजावून सांगितलं. आप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पाय नही, मंग माणूस उभा कशावर शे? मी गयावर पोरे कोठे पाया पडतीन?" तो फोटो आप्पांनी पत्र्याच्या पेटीत पालथा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी त्यांना परत उभं केलं आणि गोठ्यापर्यंत मागे जाऊन, वहाणांसकट, दुसरा फोटो काढला. तेव्हापासून मागे सरकायची त्यांना सवय लागली ती लागलीच. एकदा तर मागे सरकता सरकता ते शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन उभे राहिले, आणि त्या काकू आईशी महिनाभर बोलत नव्हत्या.

आम्ही तेव्हा पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागे राहायचो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, वर सामाईक गच्ची आणि आमचं स्वतःचं न्हाणीघर. या न्हाणीघरावर आईचा फार जीव होता, कारण आधीच्या बिऱ्हाडात ते चौघांत होतं. पण महिन्यातला एखादा रविवार दादा ते बळकवायचे. सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या की ते खिडकीला घोंगडी ठोकायचे, दाराखालच्या फटीत गोधडी कोंबायचे, बल्ब काढून लाल बल्ब लावायचे आणि फळीवर आपलं फोटो मोठं करायचं यंत्र मांडायचे. खाली तीन पराती. एकीत फोटो उमटवायचं औषध, दुसरीत पाणी, तिसरीत उमटलेला फोटो पक्का करायचा हायपो. या पराती आईच्या लग्नातल्या होत्या. एकदा तिच्या नकळत नेल्या, त्या परत स्वयंपाकघरात येऊ शकल्या नाहीत. "माझ्या माहेरची पितळेची परात त्यांनी फोटोला दिली," हे आई येईल त्याला सांगायची, आणि दादा तेव्हा वर्तमानपत्र जरा वर धरायचे. त्या रविवारी कपडे धुता यायचे नाहीत, मोरीत भांडी टाकता यायची नाहीत, म्हणून जेवणाला नुसती खिचडी आणि कढी. भिजवलेल्या कपड्यांची बादली घेऊन आई दाराबाहेर फेऱ्या मारायची आणि दर फेरीला विचारायची, "झालं का?" आतून हायपोचा आंबूस वास यायचा. अजूनही लोणच्याची बरणी उघडताना कधीतरी मला तो वास आल्यासारखा वाटतो आणि कढीची आठवण होते.

आत दादांबरोबर एकाच माणसाला प्रवेश होता, इंदूआत्याला. इंदूआत्या दादांची धाकटी बहीण. आप्पा थकल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागली. लहानपणी ताप येऊन तिचा डावा पाय बारीक राहिला होता. डाव्या चपलेला जाड टाच लावून घेतलेली असायची आणि चालताना ती डावा हात मांडीवर दाबून पाऊल टाकायची. आम्हा मुलांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. तिच्या हातचं वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचं, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात घातलेलं, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, यासाठी मी अभ्याससुद्धा करायची. तर ही आत्या न्हाणीघरात पाटावर बसून परात हलवत राहायची आणि वेळ मोजायला पाढा म्हणायची. लाल उजेडात घड्याळाचे काटे नीट दिसत नाहीत, आणि चमकत्या काट्यांचं घड्याळ आणायचं दादांच्या मनात असलं तरी ते आलं नाही. कागद औषधात पडला की आत्या सुरू करायची, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." शाळेत पोरांकडून म्हणवून घेतात त्या चालीत, सावकाश. दाहेपर्यंत गेलं, की परत पहिल्यापासून, आणि दुसऱ्यांदा दाहे आलं की कागद बाहेर. दादा म्हणायचे, घड्याळ पुढेमागे होईल, इंदूचा पाढा होणार नाही. मी बाहेर उंबऱ्यावर बसून ऐकायची. एकोणतीसचा पाढा मला कुणी शिकवला नाही, तो दाराच्या फटीतून आला. आजही बँकेत रांगेत उभी असले की तोच मनात चालू होतो.

आत्याला लग्न करायचं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तिच्याबद्दल बोलताना लोक परस्पर ठरवून टाकायचे की ती तिच्या शाळेत सुखी आहे. ती सुखी होतीच, पण तिला स्वतःचं घर हवं होतं, आणि ते तिने आईला भाजी निवडता निवडता सरळ सांगितलं होतं. दोन-तीन ठिकाणी बोलणी सुरू होऊन फोटोपाशीच मोडली होती. मग वसंतमामाने येवल्याचं स्थळ आणलं. वसंतमामा आईचा भाऊ, मालेगावला कापडाच्या दलालीत. गावोगाव हिंडायचा आणि कापडाबरोबर लग्नंही जमवायचा. येवल्याचं घर हातमागावर पैठण्या विणणारं, मुलगा स्वतः मागावर बसणारा, वय जरा पुढे गेलेलं, निर्व्यसनी. त्यांनी फोटो मागितला होता.

"पायाचं सांगितलंस का त्यांना?" आईने विचारलं.

"सांगू की. आधी फोटो तर आवडू दे," मामा बशीत चहा ओतत म्हणाला. "दाजी, तुम्ही ते तुमचं लांबून काढणं यावेळी बंद ठेवा. खुर्चीत बसवा, जवळून काढा. चेहरा देखणा आहे तिचा, तो दाखवा. फोटो म्हणजे काय पंचनामा आहे का, सगळं दाखवायला? घरी येतील तेव्हा बघतील पाय."

दादांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. आई म्हणाली, "मलाही तसंच वाटतं हो. दारापर्यंत तरी येऊ देत. तिच्याशी बोलले तर पुढचं सोपं जाईल." आईच्या मनात काही वाईट नव्हतं. आधीची स्थळं फोटो बघूनच परत गेली होती आणि प्रत्येक वेळी दोन दिवस आत्या शाळेतून आल्यावर नेहमीपेक्षा जास्त बडबड करायची. ते आईला बघवत नव्हतं. वसंतमामाचा मला आजही राग येतो, आईचा येत नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर खुर्ची नेली. आत्याने आईची आकाशी साडी नेसली होती, आईने तिच्या केसांत अबोली माळली. मी जिन्याजवळ उभी होते. दादा नेहमीप्रमाणे कॅमेरा गळ्यात अडकवून मागे जायला लागतील, कठड्याला पाठ टेकेपर्यंत जातील, असं मला वाटलं. तसे ते गेले नाहीत. ते पुढे आले. आणखी पुढे आले. आत्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे, मग परत समोर. दादांनी गुडघे वाकवले, डोळा लावला आणि बटण दाबलं. मग, "झालं," म्हणाले आणि रोल गुंडाळायला खाली निघून गेले. एरवी फोटो काढल्यावर ते दुसरा काढायचे, तिसरा काढायचे, उन्हाला नावं ठेवायचे. आत्या खुर्चीतच बसून राहिली आणि मला म्हणाली, "जा, आईला सांग, साडी सांभाळून नेसलेय, इस्त्री मोडली नाही."

दुपारी न्हाणीघर बंद झालं. आई बादली घेऊन बाहेर, मी उंबऱ्यावर. आत आधी दादांच्या यंत्राचा खटका वाजला, मग कागद औषधात पडला असावा, कारण पाढा सुरू झाला. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक. तिथे पाढा थांबला.

मी वर बघितलं. आईने बादली या हातातून त्या हातात घेतली. पाढा कधी असा थांबला नव्हता. आत्याला खोकला आला तरी ती खोकून पुढचा आकडा म्हणायची. आत पाणी हलल्याचाही आवाज येत नव्हता. फोटो उमटताना आधी काळे केस येतात, मग डोळे, मग बाकीचं, हे मला नंतर तिनेच सांगितलं. तिने आपला चेहरा येताना बघितला, माळलेली अबोली बघितली, गळ्यातली बारीक साखळी बघितली, आणि ती कागदाच्या खालच्या कडेकडे बघत राहिली. तिथे मांडीवरचे हात होते आणि त्यांच्याखाली कागद संपला होता.

"भाऊ," आतून तिचा आवाज आला. आमच्याशी ती शहरी मराठी बोलायची, पण दोघं भाऊबहीण एकटे असले की अहिराणीत बोलायचे. "पाय कोठे शेतस?"

"आप्पासले तू वहाणासगट उभं करं. गल्लीमधला कुत्राना बी चारी पाय येतस तुना फोटोमा," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मनाच पाय तुले जड व्हई गयात का?"

मग दार उघडलं आणि उजेड आत गेला, म्हणजे बाकीचे कागदही वाया गेले. आत्या एक हात ओला तसाच धरून, दुसरा मांडीवर दाबून बाहेर आली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने खिचडीखालचा गॅस बंद केला, कारण ती करपायला लागली होती. दादा पाटावर बसले होते. औषधात राहून राहून तो फोटो पूर्ण काळा झाला होता. चेहराही गेला होता. आईने आत डोकावून बघितलं, आणि तिने "झालं का?" विचारलं नाही. दादा तिच्याकडे न बघता म्हणाले, "चुकनं मनं." आईशी ते कधी अहिराणीत बोलत नसत. ते बहिणीला म्हणायचं होतं, ते तिथेच म्हणून झालं. संध्याकाळी मात्र त्यांनी जाऊन तिलाही सांगितलं असावं, कारण रात्री जेवताना तिने त्यांच्या ताटात भाकरीचा पापुद्रा ठेवला, जो एरवी ती स्वतःसाठी राखून ठेवायची.

पुढच्या रविवारी परत गच्ची. यावेळी खुर्ची नाही. आत्या रोजचीच साडी नेसली होती, शाळेत जाताना नेसायची ती, पायांत जाड टाचेची चप्पल. दादा मागे जात जात कठड्याला टेकले.

"हात सोडतेस का मांडीवरचा?" त्यांनी तिकडून विचारलं.

"नको. मी अशीच उभी राहते."

"बरं. हास जरा."

"हसले तरी तुझ्या फोटोत कुठे दिसणार आहे?" ती म्हणाली आणि खरंच हसली. तो फोटो तेवढ्यात निघाला. त्याच दुपारी पाढा दोनदा म्हणून झाला, फोटो दोरीला चिमट्याने लटकला. आईने वाळल्यावर तो हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "अहो, पाय आहेत, चप्पल आहे, गच्चीची टाकीसुद्धा आहे. पण हिचं तोंड कुठेय? पसंत काय करायचं त्यांनी, टाकी?" दादा म्हणाले, "जे आहे ते आहे." फोटो मामाकडे गेला. मामाने कपाळाला हात लावला असणार. पण आत्याने त्याला बजावून सांगितलं होतं, दुसरा फोटो नाही, हाच द्यायचा, नाही तर राहू दे.

मग बरेच दिवस काही कळलं नाही. आत्या शाळेत जात होती, येत होती, आणि घरी आली की काही बडबड करत नव्हती. आईला तेच जास्त लागत होतं. पोस्टमन गल्लीत आला की आई काहीतरी काम काढून गॅलरीत जायची. दादांनी कॅमेरा कपाटात वर ठेवून दिला होता आणि ते रविवारी वर्तमानपत्र दोनदा वाचायचे. त्यांना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. एकदा बहिणीचे पाय कापले म्हणून ती दुखावली होती, आणि आता पाय दाखवले म्हणून तिचं लग्न मोडलं, असं त्यांच्या डोक्यात चालू असणार. माणसाला दोन्हीकडून अपराधी वाटायची सोय आमच्या घराण्यात पहिल्यापासून आहे.

एका सुट्टीच्या दुपारी, काही न कळवता, वसंतमामा दारात उभा राहिला. त्याच्या मागे एक उंच, सावळा माणूस. मोठी माणसं बरोबर नाहीत, पेढे नाहीत, काही नाही. मामा कानकोंडा होऊन म्हणाला, "हे नामदेवराव. येवल्याचे. मी म्हटलं, रीतसर सगळ्यांना घेऊन येऊ. हे ऐकेनात. आधी स्वतः एसटीत जाऊन बसले आणि मग मला बोलावलं."

आईची एकच धावपळ उडाली. पोहे भिजवले, कांदा चिरायला मला बसवलं. चहा झाल्यावर तिने कपांचा ट्रे माझ्या हातात दिला. आत्याला दोन्ही हातांनी ट्रे धरून चालता येत नसे, एक हात मांडीवर लागायचा. आत्याने तो ट्रे माझ्याकडून घेतला आणि ओट्यावर ठेवला. त्यातला एक कप उचलला, दुसरा हात मांडीवर ठेवला आणि बाहेरच्या खोलीत गेली. पाहुण्यांसमोर कप ठेवून परत आली. दुसरा कप नेला, मामाला दिला. परत आली. तिसरा दादांना. स्वयंपाकघर ते बाहेरची खोली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिच्या नेहमीच्या चालीने. मी दाराच्या कडेला उभी राहून नामदेवरावांकडे बघत होते. ते इकडे-तिकडे बघत नव्हते आणि रोखूनही बघत नव्हते. शेवटचा कप येऊन आत्या खाली टेकेपर्यंत त्यांनी आपल्या कपाला तोंड लावलं नाही. साय धरली होती चहावर.

दादांना राहवलं नाही. "फोटो बघितलात ना तुम्ही? नीट?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज कचेरीत साहेबांपुढे असायचा तसा झाला होता.

"बघितला ना," नामदेवराव म्हणाले. "पाय दिसले. चप्पल बी दिसली. चेहरा काय नीट दिसंना. घरात समद्यांनी बघितला, कोणालाच दिसंना. म्हणलं, जाऊनच बघून यावं."

आईने दादांकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. आत्या हसायला लागली. तोंडावर पदर धरून नव्हे, आमच्याशी हसायची तशी, मोठ्याने. नामदेवरावांना काय झालं ते कळेना, ते तिच्याकडे बघत राहिले, आणि बघायलाच आले होते ते नीट बघून झालं.

ते एसटीला गेल्यावर दादांनी स्टुलावर चढून कपाटातून कॅमेऱ्याची पेटी खाली घेतली. आतून त्या पहिल्या फोटोची निगेटिव्ह काढली, खुर्चीतल्या, जवळून काढलेल्या फोटोची. ती त्यांनी फेकली नव्हती. उजेडाकडे धरून ते म्हणाले, "इंदू, त्यांच्या घरच्यांना चेहरा दिसला नाही म्हणतात. हा करू का?"

"कर," आत्या म्हणाली. "आता कर."

खिडकीला घोंगडी लागली, दाराखाली गोधडी गेली. तो रविवार नव्हता, आईचे कपडे भिजलेले होते, आणि तिन्हीसांजेच्या आत ते दोरीवर जायला हवे होते. ती बादली घेऊन दाराशी आली आणि तिथेच उभी राहिली. आत कागद पडला. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. पाढा पुढे गेला, तसाच सावकाश, शाळेतल्या चालीत. एकदा झाला, परत पहिल्यापासून सुरू झाला. आतून दुसऱ्यांदा "एकोणतीस दाहे दोनशे नव्वद" ऐकू आलं, तेव्हा कुठे आईने हातातली बादली खाली ठेवली.